विचारणारा पाहून पाणी

आपल्या घरी येणारे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे, असा ठराव पाणीपुरवठा मंडळाने एकमताने मंजूर केला. उत्तर खरे असावे असे ठरावात कुठेही म्हटलेले नव्हते. ते सर्वांनी गृहीत धरले होते.

ठरावाच्या अंमलबजावणीसाठी एक ॲप करायचे ठरले. नागरिकाने फोन उघडून आपल्या भागातल्या टाकीचे नाव दाबायचे, ॲपने मंडळाच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारायचा, आणि तीनपैकी एक उत्तर आणून द्यायचे: 'पिण्यायोग्य', 'उकळून प्या' किंवा 'पिऊ नका'. हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या संगणक विभागाकडे आले. विभागात खिडकीकडे तोंड करून साहेब बसत आणि खिडकीकडे पाठ करून बाकीचे. पाठवाल्यांमध्ये एक बाई होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम नीट चालतो का, हे तपासणे त्यांचे काम. काहीही दाखवले तरी त्या "पण समजा, असं झालं तर?" असे विचारीत. म्हणून विभागाने त्यांचे नाव शंकाबाई ठेवले होते, आणि पगारपत्रक सोडले तर सगळीकडे तेच चालत होते.

प्रोग्राम तपासायचा तर प्रयोगशाळेला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारावे लागणार. प्रयोगशाळेचा कॉम्प्युटर मात्र रुसलेल्या जावयासारखा होता. मनात असले तर बोले, नाहीतर गप्प बसून राही. शिवाय हवे ते उत्तर हवे तेव्हा मिळेल याची खात्री नव्हती. 'पिऊ नका' आले तर स्क्रीन लाल होते का, हे पाहायला एखाद्या टाकीत खरोखर घाण पडण्याची वाट थोडीच बघायची?

अशा अडचणीवर त्या धंद्यात एक रूढ उपाय आहे. खऱ्याच्या जागी एक नकली उभा करायचा आणि त्याला पढवून ठेवायचे, की अमुक विचारले तर तमुक सांग. धंद्यातले लोक त्याला मॉक म्हणतात. घरोघरी हेच चालते. फोन वाजला की आपण पोराला सांगतो, "मामा असेल तर बाबा आहेत म्हण, बँकवाले असतील तर बाहेरगावी गेलेत म्हण." पोरगा तेच म्हणतो, आणि बाबा दोन्ही वेळा त्याच सोफ्यावर असतात. शंकाबाईंनी तशीच एक नकली प्रयोगशाळा लिहिली. टेकडीच्या टाकीबद्दल विचारले तर 'पिण्यायोग्य', बाजारातल्या टाकीबद्दल विचारले तर 'उकळून प्या', कालव्याजवळच्या टाकीबद्दल 'पिऊ नका', आणि नसलेल्या टाकीचे नाव दाबले तर 'अशी टाकी अस्तित्वात नाही'. खऱ्या पाण्याशी याचा काडीचा संबंध नव्हता, आणि असायचे कारणही नव्हते. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, झाल्या. शंकाबाईंना बरे वाटले, कारण काम नेटके झाले होते.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या समितीसमोर ॲप दाखवण्यात आले. खरी प्रयोगशाळा नेमकी त्या दिवशी रुसलेली असल्यामुळे साहेबांनी नकलीवर काम भागवले. अध्यक्षांनी घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि कौतुकाने स्वतःच्या टाकीचे नाव दाबले. ते कालव्याजवळ राहत. स्क्रीन लाल झाली: 'पिऊ नका'.

अध्यक्ष पेल्याकडे बघत राहिले. साहेब घाईघाईने पुढे झाले.

"सर, हे खरं नाहीये. नकली उत्तर आहे, फक्त दाखवण्यापुरतं."

"नकली आहे?"

"पूर्णपणे नकली, सर."

"मग वाईट कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "खोटंच बोलायचं तर माणसानं चांगलं बोलावं. खोटं बोलून वर घाबरवायचं, ही कुठली रीत?"

या युक्तिवादात साहेबांना खोट सापडली नाही. समितीतल्या इतरांनाही सापडली नाही. बाजारात राहणारे सदस्य म्हणाले की कालव्याला 'पिण्यायोग्य' मिळत असेल तर बाजाराने काय पाप केले आहे? सभा संपेपर्यंत निर्णय झाला, आणि साहेब तो घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले.

"बाई, कोणतीही टाकी विचारली तरी एकच उत्तर ठेवा. पिण्यायोग्य."

"कोणतीही? आणि जी टाकी नाहीच, तिचं नाव दाबलं तर?"

"तिचंही."

"साहेब, नसलेल्या टाकीचं पाणी पिण्यायोग्य कसं असेल?"

"आजवर त्या पाण्यानं कोणी आजारी पडलंय का?"

"परीक्षेपुरतं आहे म्हणून करते," एवढे म्हणून शंकाबाईंनी ओळ बदलली. साहेबांनी ते 'परीक्षेपुरतं' ऐकले आणि मान डोलावली. माणसाने मान डोलावली म्हणजे त्याला पटले असे नसते, हे शंकाबाईंना प्रोग्राम तपासून कळायला हवे होते. पण प्रोग्राम मान डोलावत नाहीत. (या ओळीचा एक फायदा पुढे झाला. माळावर एक टाकी बांधायची कित्येक वर्षे राहून गेली होती. ॲपने तिचे पाणी पिण्यायोग्य ठरवल्यावर ती बांधण्याची निकड उरली नाही.)

ॲप लोकांसाठी खुले करण्याच्या आदल्या दिवशी नकली प्रयोगशाळा काढून खरी जोडली. खरी त्या दिवशी प्रसन्न होती. तिने विचारलेल्या प्रत्येक टाकीबद्दल पटापट उत्तरे दिली, आणि निम्म्या चाचण्या लाल झाल्या. कारण चाचण्यांना सगळीकडे 'पिण्यायोग्य' अपेक्षित होते आणि खरी प्रयोगशाळा मधूनच 'उकळून प्या' म्हणत होती. लाल चाचणी असताना ॲप खुले करायचे नाही, हा विभागाचा नियम. आता चूक कोणाची, हे ठरवणे आले. अपेक्षित उत्तरांना समितीची मंजुरी होती. प्रयोगशाळेच्या उत्तरांना कोणाचीच मंजुरी नव्हती. त्यामुळे चौकशीला फार वेळ लागला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फक्त इथे संन्याशाला आधी खुलासा मागणारे पत्र गेले.

पत्रात लिहिले होते: 'आपल्या प्रयोगशाळेची उत्तरे मंजूर उत्तरांशी जुळत नसल्याचे निदर्शनास आले आहे. सबब योग्य ती दुरुस्ती करावी.'

प्रयोगशाळेचे मुख्य रसायनतज्ज्ञ दुसऱ्याच दिवशी जिने चढून वर आले. धापा टाकत त्यांनी साहेबांच्या टेबलावर एक बाटली आदळली. आतले पाणी गढूळ होते आणि तळाशी काहीतरी वळवळत होते.

"शाळेमागच्या टाकीतलं आहे. बघा, आणि सांगा मला कसली दुरुस्ती करू ते."

साहेबांनी बाटली न उचलता पाहिली. "हे आमच्या प्रणालीत कसं घेणार?"

"घेऊ नका. प्या."

"तुम्ही भावनिक होताय. आमच्या चाचण्यांत प्रश्न बरोबर विचारला जातो की नाही, हे तपासलं जातं. तो बरोबर विचारला जातोय. तुमचं उत्तरच चुकतंय."

"उत्तर पाण्याचं आहे हो! माझं नाही!"

"मग पाण्याला कळवा," साहेब शांतपणे म्हणाले.

रसायनतज्ज्ञ बाटली घेऊन खाली उतरले. शंकाबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. त्यांना लाज वाटत होती आणि नोकरीही हवी होती. मूग गिळून बसणे म्हणजे काय, ते त्या दिवशी त्यांना चवीसकट समजले.

खऱ्या प्रयोगशाळेची दुरुस्ती होईपर्यंत, तात्पुरती व्यवस्था म्हणून, नकली प्रयोगशाळा जोडून ॲप खुले करण्यात आले. तात्पुरत्या गोष्टींना आपल्याकडे दीर्घायुष्याचे वरदान असते. शिवाय नकलीचे काम खरोखरच वाखाणण्यासारखे होते. ती कधी बंद पडत नसे, रुसत नसे, क्षणात उत्तर देई आणि ते उत्तर ऐकून कोणाचे तोंड उतरत नसे. नागरिकांच्या समाधानाचा आकडा इतका चढला की मंडळाला सन्मानचिन्ह मिळाले. ते साहेबांच्या खिडकीत ठेवले गेले, त्यामुळे तिकडे तोंड करून बसण्याला आणखी एक कारण मिळाले.

मग एका दुपारी शंकाबाईंना त्यांच्या ताईचा फोन आला.

"अगं, तुमचं ॲप भारी आहे हं! आमच्या टाकीचं पाणी चांगलं आहे म्हणतंय. मी छोट्यासाठी पाणी उकळणंच बंद केलं. सकाळची केवढी धांदल वाचली!"

ताईची टाकी म्हणजे शाळेमागची. छोटा दीड वर्षांचा होता. शंकाबाईंच्या डोळ्यांसमोर ती बाटली आली, आणि तळाशी जे वळवळत होते तेही.

"ताई, ऐक माझं. उकळूनच दे त्याला."

"का?"

"दे गं. मी सांगते म्हणून दे."

"तुझं ऐकू की ॲपचं ऐकू? ते मंडळाचं आहे, सरकारी शिक्का आहे त्यावर. तू काय, लहानपणी आईनं केलेल्या चहाचाही वास घेऊन बघायचीस."

"अगं, ते ॲप मीच..."

"तूच केलंयस ना? मग झालं तर! स्वतःच्या कामावर तरी विश्वास ठेव बाई कधीतरी." ताईने हसत फोन ठेवला.

ताई शंकाबाईंचे ऐकणार नव्हती. ती ॲपचेच ऐकणार होती. म्हणजे ॲपनेच तिला खरे सांगायला हवे होते. आता प्रश्नासोबत जसे टाकीचे नाव येई, तसा विचारणाऱ्याचा फोन नंबरही येत असे. त्याच्याकडे आजवर कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. शंकाबाईंनी एक अट लिहिली. विचारणारा नंबर ताईचा असेल तर प्रश्न खऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. दुसरा कोणाचाही असेल तर 'पिण्यायोग्य'. अट वर ठेवली, कारण अशा कामात खास माणसे आधी आणि सर्वसाधारण मागून घ्यायची असतात. क्रम उलटला तर सर्वसाधारण ओळच सगळ्यांना गिळून टाकते. संध्याकाळी ताईचा फोन आला, "अगं, आज उकळून प्या म्हणतंय, बरं झालं बघितलं." शंकाबाईंनी त्या रात्री पोटभर जेवण केले.

ही अट साहेबांच्या नजरेला पडलीच. त्यांनी शंकाबाईंना आत बोलावले आणि दार लावून घेतले. शंकाबाईंची पाचावर धारण बसली.

"हा नंबर कोणाचा आहे?"

"माझ्या बहिणीचा. साहेब, तिचं बाळ..."

"म्हणजे हिला खरं कळतं?"

"हो."

साहेब सन्मानचिन्हाकडे पाहत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या सासूबाई टेकडीच्या टाकीवर राहतात. त्यांचं पोट नाजूक आहे. लिहून घ्या."

शंकाबाईंनी लिहून घेतले. नोकरी वाचल्याचा आनंद एवढा होता की आपण काय लिहितो आहोत, याचा विचार त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलला. दुसऱ्या दिवशी लेखा विभागाचे प्रमुख आले. ते येताना दारात थांबून उगाच हवापाण्याबद्दल बोलले, त्यातल्या पाण्यापाशी रेंगाळले आणि बायकोचा नंबर देऊन गेले. मग अध्यक्षांचे स्वीय सहायक आले. मग अध्यक्षांचे सहायक स्वतःच्या कामासाठी परत आले. जो तो येई, दार लोटून घेई आणि एकच वाक्य बोले, "तुमच्याकडं काहीतरी सोय आहे म्हणे." नकली प्रयोगशाळा बंद करा, असे एकालाही सुचले नाही. प्रत्येकाला ती चालू राहावी, फक्त आपल्याला लागू होऊ नये, असे वाटत होते. नंबर वाढले तेव्हा साहेबांनी त्याला धोरणाचे रूप दिले. 'प्राधान्य विचारणारे' असा वर्ग तयार झाला, आणि त्यांना खरे उत्तर देण्यासाठी खऱ्या प्रयोगशाळेला नवा कॉम्प्युटरही मिळाला.

रसायनतज्ज्ञांना आता आदराने चहा विचारला जाऊ लागला. एकदा ते जिना चढून पुन्हा वर आले. शंकाबाईंना वाटले, हा एक तरी माणूस आता टेबलावर काहीतरी आदळील. त्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा, बसा," ते म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "माझी मुलगी बाजारात राहायला गेलीय. मी सांगतो तिला पाणी उकळ म्हणून, पण बापाचं कोण ऐकतं? तिचा नंबर देऊ का?"

शंकाबाई बसल्या आणि त्यांनी तोही लिहून घेतला.

आपली ताई सुरक्षित आहे, छोटा सुरक्षित आहे, हा त्यांचा एकच आधार होता. शाळेमागच्या वस्तीत पोटाच्या तक्रारी सुरू झाल्याचे कानावर आले, तेव्हाही त्यांनी तोच आधार घट्ट धरला. बाकीच्यांचे वाईट वाटत होते, नाही असे नाही. पण बाकीचे म्हणजे 'दुसरा कोणीही' या एका ओळीत मावणारे लोक. त्यांना ना चेहरा होता, ना दीड वर्षांचे वय.

मग ताईचा फोन आला, आणि ती हसत नव्हती. छोट्याला इस्पितळात ठेवले होते.

मुलांच्या विभागात एकेका खाटेवर दोन दोन पोरे होती. बाहेरच्या अरुंद वऱ्हांड्यात बाकांवर आया, बाप, आजोबा दाटीवाटीने बसले होते, आणि फिनेलच्या वासावरही ओकारीचा वास मात करत होता. छोटा डोळे मिटून पडला होता, हाताला सुई, ओठ सुकलेले. शंकाबाईंनी त्याच्या तळव्याला बोट लावले. एरवी तो बोट पकडायचा. या वेळी पकडले नाही.

"मी एकदाही विसरले नाही," ताई सारखे तेच म्हणत होती. "रोज उकळलं. रोज. तुझं ॲप म्हणायचं आणि मी उकळायचे."

"मग कसं..."

"दिवसभर माझ्याकडं असतो ना तो," ताईच्या समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या. ताई कामावर गेली की छोट्याला त्याच सांभाळत. त्यांचा नातूही त्याच खाटेवर पायाशी झोपवलेला होता. "पण मी बघून देते हो पाणी! हे बघा." त्यांनी फोन पुढे केला. शाळेमागची टाकी: 'पिण्यायोग्य'. मोठा हिरवा टिळा.

ताईने आपला फोन काढला. शाळेमागची टाकी: 'पिऊ नका'.

दोघींनी फोन शेजारी शेजारी धरले. मग दोघींनी शंकाबाईंकडे पाहिले.

आयुष्यभर शंका विचारणाऱ्या बाईंकडे पहिल्यांदाच कोणी प्रश्न न विचारता उत्तर मागत होते. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या फोनवरचं खोटं आहे. मीच लिहिलंय ते. सगळ्यांना तेच दिसतं. फक्त थोड्या लोकांना खरं दिसतं."

दाराबाहेरच्या बाकांवरून माना आत वळल्या. काकू आता आपल्या थोबाडीत मारतील, असे शंकाबाईंना वाटले. मारावी, असेही वाटले.

"म्हणजे खरं उत्तर असतं कुठंतरी?" काकूंनी विचारले.

"असतं."

"आणि ते तुमच्या ताईला मिळतं. बहीण म्हणून."

"हो."

काकूंनी नातवाकडे पाहिले. मग त्या शंकाबाईंच्या अगदी जवळ सरकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग माझा नंबर घाला ना त्यात. मी कुणाला बोलणार नाही."

"काकू, ते बंदच करायला हवं! सगळ्यांना खरं कळायला हवं!"

"ते होईल तेव्हा होईल हो बाई," बाकावरचा एक बाप उठून आत येत म्हणाला. "तोवर आमचा तरी घ्या." त्याच्यामागे एक आजोबा उभे राहिले. औषधांचा ट्रे घेऊन चाललेली नर्स थबकली आणि ट्रे खिडकीत ठेवून खिशातून पेन काढू लागली. मागचे लोक पुढच्यांना ढकलू लागले, तसे पुढचे मागच्यांवर खेकसले, "रांगेत या, ही काय धर्मशाळा आहे?" शंकाबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. एक जण तरी संतापेल, एक जण तरी मंडळावर चालून जाऊ म्हणेल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. डॉक्टरांनी खाटेपाशी येऊन छोट्याला तपासले आणि धोका टळल्याचे सांगितले. ताई रडू लागली. शंकाबाईंनीही डोळे पुसले, फोन काढला आणि पहिला नंबर विचारला.

सुजाण वाचकांना हे सारे वाचून चीड येणे स्वाभाविक आहे. मंडळाची येईल, साहेबांची येईल, त्या रांगेचीही येईल. परंतु चीड येण्याच्या जरा आधी, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आपल्या ओळखीचे कोण आहे, हे तुम्ही मनातल्या मनात आठवून पाहिलेत का? नाही म्हणता? बरोबर आहे. परक्याने विचारले तर हेच सांगायचे असते.